सेवेचा अर्ज कोणी भरावा?

डिसेंबर उजाडला की महाराष्ट्रातील महाविद्यालयांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. मांडव पडतो, एकांकिकेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत रंगतात, फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या जमू लागतात आणि या साऱ्या धामधुमीच्या अखेरीस पारितोषिक वितरणाचा गंभीर सोहळा येतो. प्राचार्य वार्षिक अहवाल वाचतात, प्रमुख पाहुणे चार उपदेशपर शब्द बोलतात आणि मग एकेक नाव पुकारले जाऊ लागते. या नावांच्या यादीत अलीकडे तीन पुरस्कार विशेष मानाचे समजले जातात. एक विद्वत्तेसाठी, दुसरा नेतृत्वासाठी आणि तिसरा समाजसेवेसाठी. महाविद्यालयागणिक त्यांची नावे बदलतात. कोठे ते कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असतात, तर कोठे तिन्ही गुण एकत्र करून ‘आदर्श विद्यार्थी’ निवडला जातो. गाभा मात्र एकच. विद्यार्थ्याने उत्तम शिकावे, चौघांना बरोबर घेऊन चालावे आणि समाजाच्या उपयोगी पडावे. या अपेक्षेत वावगे काही नाही. उलट, केवळ गुणपत्रिकेच्या पलीकडे पाहण्याची दृष्टी आपल्या शिक्षणसंस्थांना आली, याचे स्वागतच केले पाहिजे.

प्रश्न आहे तो हे तीन गुण मोजायच्या मापाचा. सोने तोलण्याच्या काट्यावर कोणी लाकूड तोलत नाही. परंतु विद्वत्ता, नेतृत्व आणि सेवा या तीन अगदी भिन्न प्रकृतीच्या गोष्टी आपण आज एकाच काट्यावर तोलू लागलो आहोत. तो काटा म्हणजे कागद. त्यातून जे बिघडते ते एखाद्या विद्यार्थ्यावरील अन्यायापुरते मर्यादित राहत नाही. व्यासपीठावर एक विद्यार्थी चढतो तेव्हा खाली बसलेले हजार विद्यार्थी त्याच्याकडे पाहत असतात. आपली संस्था कशाला मोल देते, हे त्या एका क्षणात त्यांना कळते. वर्षभराच्या व्याख्यानांनी जो संस्कार होत नाही, तो त्या एका निवडीने होतो; बरा किंवा वाईट.

गुणवत्तेची जुनी कसोटी

तिन्हींत विद्वत्तेच्या पुरस्काराची परंपरा सर्वांत जुनी. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या काही दशकांत या प्रांतातील दानशूरांनी पदके, पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या यांसाठी निधी दिले. त्यांतील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे नाव मराठी घरांत आजही आदराने घेतले जाते. संस्कृत विषयात मॅट्रिकला सर्वश्रेष्ठ ठरणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी ही शिष्यवृत्ती. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि याच शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. पुढे १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर ते मंत्रिपद सोडून बाहेर पडले. संस्कृतचा व्यासंग त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही; ‘मेघदूता’चा त्यांनी मराठीत अनुवाद केला. कोवळ्या वयात हेरलेली गुणवत्ता आयुष्यभर कशी फळते, याचे हे सुंदर उदाहरण.

या जुन्या पद्धतीचे बळ कशात होते? उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक नसे आणि विद्यार्थ्याला ‘मी विद्वान आहे’ असा अर्ज करावा लागत नसे. तो परीक्षेला बसे. त्याची योग्यता दुसरा कोणीतरी ठरवत असे. आज परीक्षापद्धतीत शंभर दोष असतील, पण हे एक तत्त्व तिने अजून सांभाळले आहे.

गुणांतून पुढारी घडतो काय?

दुसरा पुरस्कार नेतृत्वाचा. येथे महाराष्ट्राचा अनुभव मोठा उद्बोधक आहे. महाविद्यालयीन निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली, हाणामाऱ्या झाल्या, रक्तही सांडले. परिणामी १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांची वाट बंद केली आणि आधीच्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा विद्यार्थी हाच वर्गाचा प्रतिनिधी, अशी व्यवस्था आणली. हेतू शुद्ध होता. गोंधळ थांबावा, अभ्यासू मुले पुढे यावीत, असे शासनाला वाटले. पण परिणाम काय झाला? अभ्यासिकेत शांतपणे बसणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात असणारी कित्येक गुणी मुले आपली इच्छा नसताना पुढारी ठरली. आणि ज्यांच्या एका हाकेसरशी वर्गातील साठ मुले उठून उभी राहत, ती मागच्या बाकावरच राहिली. विद्वत्तेचे माप नेतृत्वाला लावले की असे होते.

पुढे २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारल्या. खर्चाला मर्यादा, उपस्थितीची अट अशा नियमांसह विद्यार्थी निवडणुकांना देशभर एक चौकट मिळाली. महाराष्ट्रातही २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली. मात्र २०१९ साली ठरलेल्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे ज्या मैदानात नेतृत्वाची कसोटी लागायची, ते मैदानच एका संपूर्ण पिढीला जवळजवळ पाहावयास मिळाले नाही. मग नेतृत्वाचा पुरस्कार द्यायचा कशावरून? समित्यांच्या यादीवरून! अमुक महोत्सवाचा संयोजक, तमुक मंडळाचा सचिव, अशी पदांची माळ ज्याच्या गळ्यात लांब, तो नेता. पद मिळणे आणि पद पेलणे यांतील अंतर या यादीत दिसत नाही. संमेलनाच्या आदल्या रात्री ध्वनिक्षेपकवाला आलाच नाही, तेव्हा कोणी धावपळ केली? भांडण जुंपले तेव्हा दोन्ही गटांनी कोणाचा शब्द मानला? सहलीत एक मुलगा आजारी पडला तेव्हा स्वतःची सहल सोडून त्याच्याजवळ कोण थांबले? नेतृत्व अशा ठिकाणी प्रकट होते आणि त्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही.

ब्रीद एक, व्यवहार दुसरा

कागदाच्या काट्याचा सर्वांत मोठा बळी मात्र तिसरा पुरस्कार, म्हणजे सेवेचा. विद्यार्थ्यांनी समाजसेवा करावी हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच मांडला गेला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने ऐच्छिक सेवेची शिफारस केली, पुढे कोठारी आयोगाने तिला दुजोरा दिला आणि महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४०,००० विद्यार्थी इतका तिचा व्याप होता. आज ती देशातील लाखो तरुणांपर्यंत पोहोचली आहे. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे निवासी शिबिर, अशी तिची रचना. या शिबिरांनी पाणवठे बांधले, झाडे लावली, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शहरातील मुलांना आपला देश कसा जगतो ते दाखवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली, तेव्हा ढिगाऱ्यांकडे धाव घेणाऱ्यांत महाविद्यालयीन तरुणही होते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईच्या रस्त्यांवर कंबरेएवढ्या पाण्यातून अनोळखी माणसांना हात देणाऱ्यांतही ते होते. यांतील कितीजणांची नोंद झाली असेल?

या योजनेचे ब्रीद आहे ‘नॉट मी, बट यू’. मी नव्हे, तुम्ही. अवघ्या चार शब्दांत सेवेचे मर्म सांगणारे हे ब्रीद. आता त्याच्या शेजारी सेवेच्या पुरस्काराचा नमुना अर्ज ठेवून पाहावा. ‘मी केलेल्या कार्याचा तपशील’, ‘मी भाग घेतलेली शिबिरे’, ‘मला मिळालेली प्रमाणपत्रे’, ‘माझ्या कार्याची वृत्तपत्रीय दखल’, सोबत छायाचित्रे जोडावीत. ज्याने दोन वर्षे ‘मी नव्हे’ असे म्हणायला शिकावे, त्याच्याकडूनच आपण शेवटी वीस पाने ‘मी’ लिहून घेतो! मग जो खरोखर ते ब्रीद जगला, तो हा अर्ज भरतच नाही. आणि जो भरतो त्याची धारिका इतकी देखणी असते की परीक्षक समितीपुढे दुसरा पर्याय उरत नाही. श्रमदानाच्या छायाचित्रात फलक धरून पुढे उभी असलेली मुले ओळखू येतात. ज्याच्या हातात त्या वेळी कुदळ होती, तो बहुधा पाठमोरा असतो.

याचा दोष मुलांना देणे अन्यायाचे होईल. ती मोठ्यांनी घालून दिलेल्या वाटेनेच चालतात. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’च्या मूल्यमापनात विस्तारकार्य हा एक विषय आहे आणि त्यासाठी मिळालेल्या पुरस्कारांचीही तेथे गणना होते. त्यामुळे महाविद्यालयालाही अहवाल हवा असतो, छायाचित्र हवे असते, आकडा हवा असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आखलेल्या अभ्यासक्रमांत समाजसहभागाला श्रेयांक मिळू लागले आहेत. विद्यार्थ्याला समाजाचे भान यावे म्हणून हे योग्यही आहे. पण जे श्रेयांकासाठी केले ते अभ्यासक्रमाचे काम झाले. त्याचे गुण मिळाले, हिशेब पूर्ण झाला. सेवेचा पुरस्कार त्यापलीकडे काही घडले असेल तरच द्यावा, नाहीतर एकाच कामाची दोनदा मजुरी घेतल्यासारखे होईल.

मग पुरस्कारच नकोत?

येथे आपल्यापैकी अनेक कार्यकर्त्यांच्या मनात एक आक्षेप येईल. प्रसिद्धिपराङ्मुख वृत्तीने काम करणे हा ज्यांचा संस्कार, त्यांना सेवेला पुरस्कार ही कल्पनाच मुळात खटकते. सेवा करावी आणि विसरून जावे. हार-तुऱ्यांचे काय काम? हा आक्षेप तोलामोलाचा आहे, पण अर्धाच खरा आहे. सेवा करणाऱ्याने विसरावे हे खरे. परंतु ज्याची सेवा झाली त्या समाजानेही विसरावे, असे कोणत्या धर्माने सांगितले? कृतज्ञता हा समाजाचा गुण आहे. जो समाज आपल्यातील चांगुलपणाची ओळख ठेवत नाही, त्याच्यापुढे मग केवळ श्रीमंती आणि प्रसिद्धी हीच अनुकरणाची स्थाने उरतात.

‘पुरस्कार’ या शब्दाकडेच पाहावे. पुरस् म्हणजे पुढे आणि कार म्हणजे करणे. एखाद्याला पुढे करणे, समोर आणणे, तो पुरस्कार. पुढे करायचे ते दुसऱ्याने. स्वतःच स्वतःला पुढे करण्याला मराठीत वेगळे शब्द आहेत आणि ते फारसे गौरवाचे नाहीत. म्हणून पुरस्कार टाकून देण्याची गरज नाही. त्याचा मूळ अर्थ त्याला परत द्यावा, एवढेच.

शिष्यवृत्तीचे ऋण

विद्वत्ता, नेतृत्व आणि सेवा ही तीन वेगळी खाती नव्हेत, हे आपल्याच प्रांताने एकेकाळी जगाला दाखवले आहे. टिळक-आगरकरांच्या पिढीने १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय उभे केले. तेथील आजीव सदस्य उत्तम पदवीधर असत, सरकारी नोकरीची दारे त्यांना उघडी असत आणि तरी ते २० वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याची प्रतिज्ञा करीत. धोंडो केशव कर्वे १८९१ साली तेथे गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि ते अध्यापन सांभाळतच त्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रमाचे काम आरंभिले. कोकणातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. कोणतेही मोठे पद त्यांना सहज मिळाले असते. ते परतले आणि ठरल्याप्रमाणे फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले, पुढे दीर्घकाळ त्याचे प्राचार्य राहिले. त्यांच्या अनेक मतांशी आपले पटणार नाही. पण मोठ्यात मोठा विद्यासन्मान मिळाल्यावर माणसाने काय करावे, याचा धडा त्यांच्याइतका स्वच्छ क्वचितच कोणी दिला असेल.

याच संदर्भात आणखी एक उदाहरण आठवते आणि ते आपल्याला अंतर्मुख करणारे आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबईच्या शिक्षणासाठी मासिक २५ रुपयांची आणि १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी मासिक साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर संस्थानची १० वर्षे सेवा करावी, असा करार होता. शिष्यवृत्ती हे बक्षीस नसून पुढील सेवेचे ऋण आहे, ही महाराजांची दृष्टी. बाबासाहेब तो करार पाळण्यासाठी १९१७ साली बडोद्यास गेले. परंतु त्या विद्वानाला त्या नगरीत राहावयास घर मिळाले नाही. महाराजांनी गुण हेरला, विद्यार्थ्याने शब्द पाळला आणि आम्ही समाज म्हणून नापास झालो. गुणवंताचा सत्कार करून समाजाची जबाबदारी संपत नाही. त्याच्या गुणाला वाव देण्याचे कामही समाजाचेच आहे, हे या घटनेने कायमचे सांगून ठेवले आहे.

‘शिष्यवृत्ती’ या शब्दातील ‘वृत्ती’चे दोन अर्थ आहेत. एक उपजीविका आणि दुसरा मनाची धारणा. पहिला अर्थ बँकेच्या खात्यात जमा होतो. दुसरा जमा झाला की नाही, हे दहा वर्षांनी कळते.

न दिसणारे विद्यार्थी

कागदाच्या या व्यवहारात आणखी एक वर्ग संपूर्णपणे नजरेआड राहतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. १९४७ साली साताऱ्यात सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात मुले शेतात, बागेत, बांधकामावर राबून शिकली. आजही गावोगाव असे विद्यार्थी आहेत. पहाटे दूध किंवा वृत्तपत्रे टाकून तासाला येणारा, रात्रपाळी करून सकाळी परीक्षा देणारा, आईबरोबर घरकाम उरकून दोन एस.टी. बदलत येणारी मुलगी. शिबिरासाठी सात दिवस मोकळे काढणे त्यांना परवडत नाही, म्हणून त्यांच्या नावावर एकही प्रमाणपत्र नसते. पण वर्गातील अडलेल्या मुलाला गणित समजावणारा, वसतिगृहात आजाऱ्याला पेज करून देणारा बहुधा यांच्यातलाच असतो. ज्याला स्वतःचे दुःख ठाऊक असते त्याला दुसऱ्याचे लवकर दिसते.

काय करता येईल?

टीका करून थांबणे सोपे आहे. तेव्हा चार सूचना येथे मांडतो. महाविद्यालयांनी, विशेषतः आपल्या विचारांच्या कार्यकर्त्यांचा जेथे व्यवस्थापनाशी संबंध आहे अशा संस्थांनी, त्यांवर विचार करावा.

पहिली सूचना, सेवा आणि नेतृत्व या पुरस्कारांसाठी अर्ज मागवणे बंद करावे. शिफारस दुसऱ्यानेच करावी आणि शिफारस झाल्याचे त्या विद्यार्थ्याला निकालापर्यंत कळू नये.

दुसरी, साक्ष कोणाची घ्यावी हे नव्याने ठरवावे. प्राध्यापकांबरोबरच ग्रंथालयातील सेवक, प्रयोगशाळेतील मदतनीस, वसतिगृहाचे अधीक्षक, खानावळीतील मावशी आणि दत्तक गावातील चार ज्येष्ठ यांना विचारावे. ‘या मुलांपैकी तुम्हाला कोणाची आठवण आहे?’ एवढा एक प्रश्न पुरे. शिबिर संपून सहा महिने झाल्यावरही गावाला ज्याचे नाव आठवते, त्याने तेथे काहीतरी खरे केलेले असते.

तिसरी, काही पुरस्कार गटाला द्यावेत. सेवा बहुतेक वेळा एकट्याने होत नाही. दहाजणांनी मिळून उभारलेल्या कामातून एकाला उचलून व्यासपीठावर नेले की उरलेल्या नऊजणांना आपण नकळत सांगतो की पुढच्या वेळी छायाचित्रात पुढे उभे राहा.

चौथी, दरवर्षी एक सन्मान दहा वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावा. जो आज खेड्यात दवाखाना चालवतो, शाळेत प्रामाणिकपणे शिकवतो, बापाची शेती नव्या पद्धतीने करून शेजाऱ्यांनाही शिकवतो, त्याला बोलवावे. आजच्या मुलांना आपल्या पुरस्काराचा खरा अर्थ त्याच्याकडे पाहून कळेल. आणि पुरस्काराचे स्वरूपही बदलावे. कपाटात धूळ खाणारे चकचकीत स्मृतिचिन्ह देण्यापेक्षा चांगल्या ग्रंथांचा संच किंवा पुढील वर्षाचे शुल्क द्यावे.

शेवटचा शब्द पालकांसाठी. मुलगा किंवा मुलगी ढाल घेऊन घरी आली की आपण ती दिवाणखान्यात मांडतो. तो आनंद अवश्य घ्यावा. पण ज्या वर्षी नाव पुकारले जात नाही, त्या वर्षी तिच्याशी आपण काय बोलतो, यावर तिचा पुढचा स्वभाव ठरतो. ‘तुझ्या फाइलमध्ये काय कमी पडले?’ असे विचारले तर ती पुढच्या वर्षी फाइल सुधारेल. ‘ज्या आजींना तू वाचून दाखवायला जात होतीस, त्या आता कशा आहेत?’ असे विचारले, तर ती पुन्हा त्यांच्याकडे जाईल. महाविद्यालयाचा पुरस्कार वर्षातून एकदा दिला जातो. घरातला हा प्रश्न मात्र रोज विचारता येतो.